पेट्रोलच्या पावत्या: कुणी जपाव्यात, कुणी सोडून द्याव्यात

मार्च संपला की कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतल्या आमच्या कर सल्ल्याच्या टेबलावर प्लास्टिकच्या पिशव्या यायला लागतात. आत पेट्रोल पंपाच्या पावत्या, रबर लावलेल्या, काही डॅशबोर्डवर उन्हात राहून कोऱ्या झालेल्या. राजारामपुरीतला एक एसी आणि वॉटर प्युरिफायर दुरुस्तीवाला गेल्या खेपेला अशीच पिशवी घेऊन आला. "साहेब, बगा, एक पण हरवली न्हाई. ह्याचा जीएसटी परत मिळतो न्हवं?" मी एक पावती ट्यूबलाइटसमोर धरली. तारीख दिसत होती, रक्कम उडाली होती. रक्कम दिसली असती तरी उत्तर तेच होतं.

पेट्रोल आणि डिझेल जीएसटीत नाहीत. सीएनजीही नाही, कारण नैसर्गिक वायूच जीएसटीबाहेर ठेवलाय. त्यांच्यावर केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट लागतो. महाराष्ट्रात जुलै २०२४ पासून पेट्रोलवर २५ टक्के व्हॅट आणि वर लिटरमागे ५ रुपये १२ पैसे, डिझेलवर २१ टक्के, असा हिशेब झाला. सीएनजीवरचा व्हॅट एप्रिल २०२२ मध्ये साडेतेरावरून ३ टक्क्यांवर आणला. सेवा देणाऱ्या धंद्याला यातला एक पैसाही क्रेडिट म्हणून, म्हणजे स्वतः भरायच्या जीएसटीतून वजा म्हणून, मिळत नाही. टाकी कोल्हापुरात भरा नाहीतर कोगनोळी नाका ओलांडून कर्नाटकातल्या निपाणीत भरा, क्रेडिटच्या बाबतीत दोन्हीकडे शून्यच.

यूट्यूबवर अमेरिकेतले व्हिडिओ बघून येणारेही आहेत. तिथे पावत्यांऐवजी मैलामागे ठरलेला दर धरता येतो, २०२५ साठी ७० सेंट होता. शेतीच्या किंवा रस्त्याबाहेर चालणाऱ्या यंत्रांच्या इंधनावरचा करही तिथे क्रेडिट म्हणून मागता येतो. आपल्याकडे धंदेवाल्याला किलोमीटरचा असा सरकारी दर नाही. प्रत्यक्ष खर्च आणि त्याचा पुरावा, एवढंच चालतं.

मग पावत्यांचा उपयोग आयकरात. तिथे दोन वाटा आहेत आणि निवड तिथेच करायची.

पहिली वाट अनुमानित उत्पन्नाची, सगळ्यांच्या तोंडी असलेलं आयकराचं कलम ४४ एडी: जमेचा ठरावीक टक्का हाच नफा मानायचा. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला, कलमांचे आकडे बदलले, पण बाजारात अजून जुनंच नाव चालतं. उलाढाल २ कोटींपर्यंत (रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटींपर्यंत), रोख जमेच्या किमान ८ टक्के आणि बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या जमेच्या किमान ६ टक्के नफा दाखवायचा. हिशेबाच्या वह्या नकोत, पावत्या नकोत. इंधन, घसारा (गाडी-यंत्रांची दरवर्षी घटणारी किंमत), पगार, भाडं सगळं त्या टक्क्यात आलं असं मानतात. दुसरी वाट वह्या ठेवण्याची: प्रत्येक खर्च पुराव्यासह दाखवायचा आणि उरलेल्या नफ्यावर कर भरायचा. इथे पेट्रोलची पावती जिवंत होते.

आमच्या राजारामपुरीवाल्याचा हिशेब घेऊ. आकडे गोल केलेत. वर्षाची जमा २८ लाख, जवळपास सगळी यूपीआय. तीन पोरं मोटारसायकलवर, रोज ४० किलोमीटर धरून ३०० दिवसांत ३६ हजार किलोमीटर. लिटरला ४५ पडले तर ८०० लिटर, १०५ रुपयांनी ८४ हजार. एक डिझेल टेम्पो, १८ हजार किलोमीटर, १५ च्या ॲव्हरेजने १,२०० लिटर, ९२ रुपयांनी १ लाख १० हजार. इंधन एकूण १ लाख ९४ हजार. सगळे खर्च जाऊन हातात राहतात ८ लाख ४० हजार.

आता हा १ लाख ९४ हजारांचा खर्च पावत्यांसकट सिद्ध केला तर कर किती वाचला? काहीच नाही. २०२५-२६ या वर्षापासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर व्यक्तीला रिबेटमुळे कर शून्य आहे. इंधन धरलं तर उत्पन्न ८ लाख ४० हजार, नाही धरलं तर १० लाख ३४ हजार. दोन्ही १२ लाखांच्या आतच. पिशवी घरी ठेवली असती तरी चाललं असतं.

हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मग ६ टक्केच दाखवू की, १ लाख ६८ हजार? इथे माझं मत स्पष्ट आहे. कायदा ६ टक्के ही खालची मर्यादा म्हणतो, जास्त कमावलं असेल तर जास्त दाखवायचं. आणि ८ लाख दाखवूनही कर शून्यच असेल तर दीड लाख दाखवण्यात शहाणपण काय? पुढच्या वर्षी टेम्पोच्या कर्जासाठी बँकेत गेलात की तोच दीड लाखाचा रिटर्न साहेब तुमच्यासमोर टाकतात आणि हप्ता कुठून भरणार म्हणून विचारतात. मी अशा माणसाला ४४ एडीमध्येच ठेवतो आणि खरा नफा दाखवायला लावतो.

वह्यांची वाट कुणाला? एक म्हणजे भागीदारी फर्म. तिला १२ लाखांची सवलत नाही, पहिल्या रुपयापासून ३० टक्के आणि वर उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. फर्म ४४ एडीत बसू शकते, पण वह्या ठेवत असेल तर दर लाख रुपयांच्या पेट्रोलमागे ३१,२०० रुपये वाचतात. एलएलपीला (मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीला) तर ४४ एडी उघडीच नाही. कमिशन एजंटांनाही नाही. दुसरे म्हणजे ज्यांचा नफा खराच मोठा आहे असे व्यावसायिक. इंटिरियर डेकोरेटर, आर्किटेक्ट यांच्यासाठी तसंच दुसरं कलम आहे, ४४ एडीए: जमेच्या निम्मं उत्पन्न धरतात. जमा ४० लाख असेल तर उत्पन्न २० लाख, कर उपकरासह २ लाख ८ हजार. कागल, पन्हाळा, इचलकरंजी अशा साइट रोज फिरून, शिवाय हाताखाली चार माणसं ठेवून खर्च निम्म्याच्या वर जात असेल, तर वह्या आणि ऑडिट परवडतं. नुसत्या पेट्रोलसाठी कधीच नाही. समजा वह्यांप्रमाणे नफा १६ लाख निघतो, पण २ लाखांच्या इंधनाला पुरावाच नाही. मग उत्पन्न १८ लाख धरलं जातं आणि वरच्या २ लाखांवर २० टक्के, उपकरासह ४१,६०० रुपये जास्त जातात. इतक्या रकमेसाठी पावतीचा रोजच्या रोज फोटो काढायला हरकत नाही.

आणि वाट बदलताना जपून. ४४ एडीत शिरल्यावर पाच वर्षांच्या आत किमान टक्क्यापेक्षा कमी नफा दाखवून बाहेर पडलात, तर पुढची पाच वर्षं परत येता येत नाही आणि उत्पन्न करपात्र मर्यादेपेक्षा जास्त असेल तर ऑडिटही गळ्यात पडतं.

वह्या ठेवणाऱ्यांच्या एका चुकीबद्दल सांगायलाच हवं, कारण ती दरवर्षी दिसते. पंपावर उधारीचं खातं असतं. महिनाभर टेम्पो डिझेल घेतो आणि एक तारखेला मालक जाऊन १४ हजार रोख मोजतो. एका माणसाला एका दिवशी १० हजारांच्या वर रोख दिली की तो सगळा खर्च आयकरात धरत नाहीत, चार हजार नव्हे, पूर्ण चौदा. यूपीआयने दिले असते तर प्रश्न नव्हता. ट्रकवाल्याला मालवाहतुकीचं भाडं देताना ही मर्यादा ३५ हजार आहे, पंपाला डिझेलचे पैसे देताना नाही. तसंच रविवारी त्याच गाडीवर जोतिबाला गेलात तर तेवढा हिस्सा घरखर्चात. भिंतीवरच्या कॅलेंडरवर गाडीच्या किलोमीटरचं रोजचं रीडिंग लिहिणाऱ्या एक वहिनी आमच्याकडे येतात. त्यांची वही मी कधी तपासत बसत नाही.

आता जीएसटीची बाजू. तिथे इंधनाचं काही नाही, पण गाडीचं आहे. सेवेची उलाढाल २० लाखांवर गेली की नोंदणी, आणि ५० लाखांपर्यंत दोन पर्याय: नेहमीचा १८ टक्के किंवा कंपोझिशनचा, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या सोप्या योजनेचा, ६ टक्के. कंपोझिशनमध्ये कर ग्राहकाकडून वेगळा घेता येत नाही, खरेदीचं क्रेडिट नाही आणि परराज्यात सेवा देता येत नाही. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यांचं काम असेल तर त्यांना क्रेडिट लागतं, म्हणून १८. ताराबाई पार्कातल्या घरांचं काम असेल तर कंपोझिशन बघायला हरकत नाही. १८ टक्क्यांत असाल आणि बिलात "पेट्रोल २०० रुपये" अशी वेगळी ओळ टाकत असाल, तर त्या दोनशेवरही ३६ रुपये जीएसटी द्यावा लागतो. पेट्रोलवर कर भरून घेतलेला, त्यावर परत कर. चीड येते, पण नियम तसाच आहे.

मोटारसायकल आणि छोट्या कारवरचं क्रेडिट अशा सेवा धंद्याला बंद आहे, दुरुस्ती-विम्यासकट. मालवाहू टेम्पोवर मिळतं. सप्टेंबर २०२५ मध्ये टेम्पोवरचा जीएसटी २८ वरून १८ झाला, इलेक्ट्रिक गाडीवर ५ टक्केच आहे. दोन्हींची मूळ किंमत ६ लाख धरली, तर क्रेडिट घेणाऱ्याला शेवटी दोन्ही ६ लाखांनाच पडतात. कंपोझिशनवाल्याला मात्र डिझेल ७ लाख ८ हजार आणि इलेक्ट्रिक ६ लाख ३० हजार. म्हणजे कराने इलेक्ट्रिककडे ढकललाय तो कंपोझिशनवाला आणि नोंदणी नसलेला. घसाऱ्यातही फरक मोठा: डिझेलला १५ टक्के, इलेक्ट्रिकला ४०. सहा लाखांवर पहिल्या वर्षी ९० हजार विरुद्ध २ लाख ४० हजार. पण तो फायदा वह्या ठेवणाऱ्याला आणि कर भरणाऱ्यालाच. आमच्या राजारामपुरीवाल्याने घसाऱ्याकडे बघून गाडी घेऊ नये. रोजचे किलोमीटर, चार्जिंगची सोय आणि गगनबावड्याकडच्या चढावर माल घेऊन बॅटरी किती पुरते हे बघावं.

वह्या ठेवणाऱ्यांनी तारीख बघावी. वर्षात गाडी १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर घसारा निम्मा. २०२५ चा दसरा २ ऑक्टोबरला होता. त्या दिवशी गाडी वापरायला काढली तर मार्चअखेर १८१ दिवस भरतात, काठावर पास. २०२६ चा दसरा २० ऑक्टोबरला आहे, म्हणजे निम्माच. उद्यमनगरातल्या एका फर्मच्या भागीदाराला मी हे सांगितलं, सप्टेंबरअखेर घ्या म्हणालो. त्यांनी बायकोला फोन लावला, दोन मिनिटं ऐकून घेतलं, फोन खिशात ठेवला आणि म्हणाले, "निम्मा तर निम्मा. पितृपक्षात गाडी न्हाई घ्यायची."