काचेच्या दुहेरी दर्शनी भिंतीचे उष्णता-गणित: हवाप्रवाह-जाळे की सीएफडी?

दोन काचांमधल्या पोकळीतून हवा खेळती ठेवणारी दर्शनी भिंत आखताना उष्णतेचे गणित कोणत्या पद्धतीने मांडावे, हे आपला प्रश्न वर्षभराच्या ऊर्जेचा आहे की एखाद्या जागी साठणाऱ्या उष्णतेचा, यावर ठरवावे.

एनर्जीप्लस किंवा ईएसपी-आर या इमारतीच्या ऊर्जेचे गणित करणाऱ्या संगणक-प्रणालींतील हवाप्रवाह-जाळ्यात पोकळीचे काही कप्पे केले जातात, प्रत्येक कप्प्याला एकच तापमान दिले जाते आणि झरोक्यांतून किती हवा जाईल हे दाबातील फरक व निर्गम गुणांक (झरोक्यातून प्रत्यक्षात जाणारी हवा आदर्श प्रवाहाच्या किती पट, हे सांगणारा आकडा), जो बहुधा 0.6 च्या आसपास धरतात, यांवरून काढले जाते. वर्षाचे 8,760 तास साधा संगणकही सहज हिशेबात घेतो. मात्र उंच पोकळीचा एकच कप्पा करणे ही मोठी चूक ठरते, कारण हवा वर जाता जाता तापत असते. म्हणून निदान मजल्यागणिक एक कप्पा तरी असावा.

जाळ्याची खरी परीक्षा ब्लाइंडपाशी, म्हणजे पोकळीतल्या ऊन अडवणाऱ्या पट्ट्यांच्या पडद्यापाशी होते. उन्हात तापलेल्या पट्ट्या आतल्या काचेच्या फार जवळ असतील, तर मधल्या अरुंद फटीत हवा कोंडते, काच तापते आणि पोकळीची सरासरी हवा ठीक दिसत असतानाही काचेशेजारी बसलेल्या माणसाला झळ लागते. कप्प्याच्या एकाच तापमानात ही झळ दिसत नाही. सीएफडी, म्हणजे हवेच्या प्रवाहाचे संगणकावरचे बारीक गणित, पोकळीचे लाखो सूक्ष्म घटक करून फटीतला प्रवाह दाखवते. त्यासाठी प्रारणाचे, म्हणजे किरणांवाटे जाणाऱ्या उष्णतेचे, गणित जोडावेच लागते, प्रक्षुब्ध (भोवऱ्यांच्या) प्रवाहाचे प्रारूप जपून निवडावे लागते आणि एकेका स्थितीला तासन्‌तास मोजावे लागतात.

सीएफडीचे रंगीत चित्र पाहून तिच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. डेन्मार्कमधील ऑलबोर्ग विद्यापीठाच्या ‘द क्यूब’ या चाचणी-इमारतीतील मोजमापांशी अनेक ऊर्जा-प्रारूपे ताडून पाहिली, तेव्हा एकही प्रारूप सर्व बाबतींत सातत्याने जुळले नाही. चुकीचे गुणांक घातले तर सीएफडीही तितकीच चुकेल.

माझा कौल आधी जाळ्याला आहे. वर्षभराचे गणित करून त्यातले सर्वांत कडक उन्हाचे, वारा पडलेले दोन-तीन तास निवडावेत, तेवढेच सीएफडीने तपासावेत आणि तिथे मिळालेले निर्गम गुणांक व संवहन गुणांक (पृष्ठभागावरून हवेत किती उष्णता जाते ते सांगणारे) जाळ्यात घालून वर्षाचा हिशेब पुन्हा करावा. पोकळीत ब्लाइंड नसतील आणि हवा पंख्याने ठरावीक वेगाने खेचली जात असेल, तर सीएफडीचा खर्च सहसा टाळता येतो.