उसाच्या रानात एफपीव्ही: अँटेना आणि कॅमेऱ्याचा एका हंगामाचा अनुभव

हरिपूरजवळ ऊस तुटून गेलेल्या रानात पाच इंची पंख्यांचा एफपीव्ही ड्रोन (त्याच्या कॅमेऱ्याचे थेट चित्र डोळ्यांवरच्या गॉगलमध्ये पाहत उडवायचा) उडवत गेला हंगाम काढल्यानंतर हे लिहीत आहे. ड्रोनवर आणि गॉगलवर फॉक्सिअरचे लॉलीपॉप (दांडीवर गोल टोपीचे) अँटेना, गॉगलच्या दुसऱ्या जोडणीवर एक पॅच (चपटा, एकाच दिशेचा) अँटेना आणि समोर रनकॅमचा फिनिक्स २ कॅमेरा, असा माझा संच आहे. सांगली-मिरज परिसरात नव्याने उडवू पाहणाऱ्यांना तो मी मनापासून सुचवेन. मात्र हाताशी पैसे बेताचे असतील, तर ते आधी अँटेनावर घालावेत.

त्याचे कारण आपल्या रानातच आहे. ड्रोनचे चित्र गॉगलपर्यंत आणणाऱ्या ५.८ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी जेमतेम पाच सेंटीमीटर असते आणि पाण्याने भरलेला, डोक्यापेक्षा उंच ऊस ती सहज गिळून टाकतो. शेजारी गुऱ्हाळाचे पत्रे आणि पलीकडे कृष्णेचे पात्र असले, की तीच लहर परावर्तित होऊन थोड्या उशिराने गॉगलपर्यंत पोहोचते आणि चित्र फाटते. ड्रोनवरून चित्र पाठवणाऱ्या ट्रान्समीटरसोबत आलेल्या साध्या सरळ अँटेनावर पत्र्याच्या शेडजवळ माझे चित्र शंभर मीटरच्या आतच तुटत असे. लॉलीपॉपमधून निघणारी लहर मात्र फिरकी घेत पुढे जाते, पत्र्यावर आपटली की तिच्या फिरकीची दिशा उलटते, आणि त्याच दिशेचा अँटेना गॉगलवर असेल तर ही उलटी लहर तो बव्हंशी नाकारतो.

म्हणूनच दोन्ही टोकांची दिशा एकच हवी. एका विक्रेत्याने मला उजव्या फिरकीच्या जोडीत एक डावा अँटेना पाठवला होता आणि मी दोन संध्याकाळी ट्रान्समीटरलाच दोष देत बसलो. दिशा उलटी असताना वीस डेसिबलची घट झाली, म्हणजे लहरीची शक्ती शंभराव्या हिश्श्यावर आली, तर पल्ला दहाव्या हिश्श्यावर येतो. पाकीट उघडताच आरएचसीपी (उजवी फिरकी) की एलएचसीपी (डावी फिरकी) हे खोक्यावर नव्हे, तर अँटेनावरच तपासावे. एसएमए आणि आरपी-एसएमए या अँटेना बसवायच्या आट्यांच्या जोडण्यांचेही तसेच आहे: आटे बसतात, पण मधली पिन भिडत नाही आणि अँटेनाविना चालू राहिलेला ट्रान्समीटर जळू शकतो.

पॅच अँटेना समोरच्या दिशेला लांबवर ऐकतो, पाठीमागे जवळजवळ बहिरा असतो. मी बांधाकडे पाठ करून बसतो आणि ड्रोन समोरच ठेवतो. डोक्यावरून मागे गेला तर लॉलीपॉप चित्र सांभाळतो.

कॅमेरा निवडताना अनेक जण टीव्हीएलच्या (चित्राचा बारकावा सांगणाऱ्या टीव्ही ओळींच्या) आकड्यावर भुलतात. फिनिक्स २ वर १००० टीव्हीएल लिहिलेले असले, तरी पाल या टीव्ही पद्धतीच्या ॲनालॉग चित्रात दिसणाऱ्या ओळी ५७६ च असतात. खरी परीक्षा संध्याकाळी, मावळतीकडे तोंड करून कमी उंचीवर उडताना होते, कारण समोर सूर्य असतो आणि खाली उभ्या फडाची काळी सावली. स्वस्त कॅमेऱ्यात अशा वेळी आकाश पांढरे फटक पडते आणि जमीन नाहीशी होते. अर्ध्या इंचाच्या सेन्सरमुळे आणि डब्ल्यूडीआरमुळे (उजेड आणि सावली एकाच चित्रात सांभाळण्याची सोय) फिनिक्समध्ये पाचटाचा तपकिरी रंग आणि सरीची ओल वेगळी दिसते, आणि जमिनीपासूनचे अंतर मला त्यावरूनच कळते. सूर्य मावळल्यावर मात्र चित्रात दाणे येतात, तेव्हा मी उतरवतो. गॉगल आणि कॅमेरा दोन्हींवर ४:३ किंवा १६:९ यांपैकी एकच प्रमाण ठेवावे, नाहीतर चित्र ताणलेले दिसून वळणाचा अंदाज चुकतो.

मोटारपंपाच्या तारा कोणताही कॅमेरा वेळेत दाखवत नाही. रान आधी पायी फिरून, खांब मोजूनच मी गॉगल चढवतो. माझ्या ड्रोनची २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे नोंदणी केली आहे, आणि गॉगलमधून आजूबाजूचे आकाश दिसत नसल्याने नजर ठेवायला धाकट्या भावाला सोबत नेतो; तो आला नाही तर त्या दिवशी उड्डाण होत नाही.