१६:८ बरेच महिने करून पाह्यल्यावर: वजनाचं ठीक, पण रात्रीचं दूध तोडू नका

१६:८ म्हणजे दिवसाचे १६ तास उपाशी अन् ८ तासांतच जेवण, जास्त सांगत बसत नाही. उन्हाळ्यापासून करून राहिली आहे, सकाळी ११ ते संध्याकाळी ७ जेवण, बाकी वेळ पाणी अन् कोरा चहा. वजन उतरलं, ॲसिडिटी गेली, गुडघ्यावरचा भार कमी झाला. तेवढ्यापुरती तक्रार नाही.

लिहायले बसली ते जाऊबाईच्या मनगटापायी. दोघींनी संगच सुरू केलं होतं. पोळ्याच्या आधी त्या गोठ्यात घसरल्या, हात टेकला अन् मनगट मोडलं. तेव्हापासून गावात एकच, "उपाशी राहून हाडं पोकळ केली." लय राग आला मले.

डॉक्टरनं डेक्सा (हाडांची घनता मोजायची एक्स-रे तपासणी) सांगितली, नागपूरले गेलो. सेंटरवाला म्हणे फक्त मणक्याचं पॅकेज आहे, खुब्याचे पैसे वेगळे. मी तिथंच अडून बसली. आमच्या यवतमाळकडच्या पांढरकवडा-झरी जामणी पट्ट्यात बोरच्या पाण्यात फ्लोराईड निघते, अन् फ्लोरोसिसमध्ये (जास्त फ्लोराईडनं होणारा हाडाचा आजार) मणका दाट दिसते तरी हाड ठिसूळ असू शकते, मग नुसत्या मणक्याचा रिपोर्ट घेऊन काय करू? येण्याजाण्याचं भाडं लागलं ते लागलं, वरून हे. शेवटी पैसे भरले, पण खुबा काढूनच घेतला. मणका नॉर्मल, खुब्याचा टी-स्कोअर (तरुण निरोगी हाडाशी तुलना करून काढलेला आकडा) उणे १.९. म्हणजे ऑस्टिओपेनिया, हाड थोडं विरळ; उणे २.५ किंवा त्याखाली गेलं तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे ठिसूळ हाड, धरतात. एवढी झीज उन्हाळा ते पोळा होत नाही, त्यांची पाळी जाऊन चार वर्षं झाली आहेत अन् पाळी गेल्यावर सुरुवातीची काही वर्षं हाड झपाट्यानं झिजते.

इथवर मी पूर्ण १६:८ च्या बाजूनं होती. मग अभ्यास वाचले अन् थोडी मागं सरकली. २०२१ चा अमेरिकेतला १२ आठवड्यांचा अभ्यास आहे, जाड लोकांवर, त्यात हाडांची झीज वाढली नाही. बरं वाटलं. पण १२ आठवडे हाडासाठी काहीच नाही, डेक्सात फरक दिसायले वर्ष जाते. २०२० च्या दुसऱ्या एका अभ्यासात वजन उतरलं त्यातला बराच हिस्सा स्नायूंचा निघाला, अन् स्नायू गेले की हाडावरचा ताणही कमी होते. कॅलरी कमी करून दोन वर्षं पाहिलेल्या मोठ्या अभ्यासात तर कंबर अन् खुबा दोन्हीची घनता घटली होती. शिवाय हाड झिजणं रात्री उपाशीपोटी वाढते अन् जेवलं की कमी होते, म्हणून तर सीटीएक्सची (हाड किती झिजते ते दाखवणारी) रक्ततपासणी सकाळी उपाशीपोटी करतात.

आता माझा खरा मुद्दा, दूध. सात वाजता जेवण बंद म्हणजे झोपतानाचा गिलास बंद. आमच्या घरी तोच एक गिलास होता, बाकी सगळं डेअरीले जाते. २०० मिली दुधात २४० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, आयसीएमआर (सरकारी वैद्यकीय संशोधन संस्था) मोठ्या माणसाले १००० सांगते, पाळी गेलेल्या बाईले १२००. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात पंचवीस-तीसच निघते, नाचणीत साडेतीनशेच्या वर, पण आमच्याकडं नाचणी कोण खाते? तीळ, दही, ताक वाढवलं तर जमते, पण तेही दोन्ही जेवणांत वाटून, कारण शरीर एका वेळी पाचशेच्या वर नीट शोषत नाही. कॅल्शियमच्या गोळ्या जेवणासोबत घ्या, कॅल्शियम कार्बोनेट असली तर नक्कीच. ह्याच्यावर कोणी बोलत नाही, सगळे घड्याळ पाहतात!

जाऊबाईनं १६:८ सोडलं, डॉक्टरनं व्हिटॅमिन डी३ अन् कॅल्शियम दिलं आहे. मी उपास सोडला नाही, पण सकाळी ११ ते रात्री ९ केलं, म्हणजे १४:१०, रात्रीचं दूध परत सुरू. अर्धा लिटर डेअरीले कमी जाते, घरात कुरकुर आहे, मी ऐकून घेत नाही. वजनासाठी पाचपैकी चार मार्क, पाळी गेलेल्या बाईसाठी फक्त दोन, अन् ते पण दूध-डाळ-तीळ पोटात जात असलं तर. ज्यांची हाडं आधीच कमजोर आहेत त्यांनी डॉक्टरले विचारल्याबिगर करू नका. पुढच्या वर्षी त्याच मशीनवर खुबा परत काढू, मशीन बदललं की आकडे जुळत नाहीत.