जुन्या गाडीचा ब्लोअर: बाजारातली नवी मोटर की आपलीच दुरुस्त करून?

आपल्याकडं हिटरचं नाव काढलं की मेकॅनिक हसतो. "परभणीत हिटर कशाला लागतो सर?" असं म्हणत हिटरचे पाइप बायपास करून दिलेल्या किती तरी गाड्या इथं फिरतात. पण हिटरचा वारा आणि एसीचा वारा एकाच मोटरचा, म्हणजे ब्लोअरचा असतो. ती गेली की डिसेंबरातली पहाट राहू द्या, मे महिन्यातला एसीही बिनकामाचा होतो आणि पावसाळ्यात समोरची काच पुसायला हातात फडकं येतं. माझ्या २००७ च्या हॅचबॅकची मोटर अशीच ऐन मेमध्ये बसली. तेव्हापासून आजपर्यंत दोन्ही प्रकार करून झाले: आधी बाजारातली नवी लोकल मोटर, नंतर आपलीच जुनी दुरुस्त करून. कंपनीच्या ओरिजिनल मोटरचा मी फक्त भाव विचारला, त्यामुळं तिच्याबद्दल फार बोलणार नाही.

आधी मोटरच गेली आहे का, ते बघा. पहिला, दुसरा, तिसरा स्पीड बंद आणि फक्त फुल स्पीड चालू असेल, तर मोटरला हात लावू नका, बहुतेक रेझिस्टर, म्हणजे करंट अडवून वेग कमी करणारा भाग, गेलेला आहे. खालचे स्पीड त्यातून जातात, फुल स्पीडला करंट थेट मिळतो. उलट, सगळेच स्पीड बंद आहेत पण डॅशबोर्डच्या कप्प्याखाली बुक्की मारली की पंखा फिरायला लागतो, तर कार्बन, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला घासून करंट पोचवणारे छोटे तुकडे, झिजलेत. माझं हेच होतं. महिनाभर मी रोज शाळेला जाताना बुक्की मारून गाडी काढत होतो आणि शेजारच्या सीटवरचे सर दर वेळी दचकत होते.

भावाचं म्हणाल तर त्या वेळी मला लोकल मोटर पंख्यासकट बाराशेला पडली, ओरिजिनलचे तीन हजारांच्या वर सांगितले होते आणि जुनीच्या दुरुस्तीला पुढं साडेतीनशे गेले. तुमच्या गाडीला आकडे वेगळे असतील, पण चढउतार साधारण असाच निघतो.

लोकल मोटर बसवायला अर्धा तास लागला. कप्पा काढला, तीन स्क्रू, जुनी खाली, नवी वर. खरं तर अर्धा तास नाही, कारण वायरी जोडायचा कपलर जुळेना. गॅरेजच्या पोरानं वायरी कापून टेपनं जोडल्या आणि त्यात लाल-काळी उलटी गेली. गंमत अशी की हा पिंजऱ्याच्या आकाराचा पंखा उलटा फिरला तरी वारा त्याच बाजूनं येतो, फक्त जीव नसल्यासारखा येतो. त्यामुळं चूक लगेच कळत नाही. दोन दिवस मी गॅस कमी झाला असं समजून एसीवाल्याच्या दारात उभा होतो. तुमच्याही गाडीत वायरी कापून जोडल्या असतील आणि वारा कमी वाटत असेल, तर आधी त्या अदलाबदल करून बघा.

वायरी सरळ केल्यावर वारा चांगला आला, यात शंका नाही. फुल स्पीडला तर जुन्यापेक्षा थोडा जास्तच वाटला. एवढ्यावर मी लोकललाच मत दिलं असतं.

पण दुसरा स्पीड.

दुसऱ्या स्पीडला ती मोटर घोंगावायची. मोठा आवाज नव्हता. पण एका ठरावीक वेगाला पंख्याचा कंप डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकला लागायचा आणि सगळा डॅश सतारीच्या भोपळ्यासारखा गुणगुणायचा. पहिल्याला गप्प, तिसऱ्याला वाऱ्याच्या आवाजात बुडून जायचा. आणि आपण गाडी चालवतो कुठल्या स्पीडवर? उन्हात बसताना दोन मिनिटं फुल, आणि मग मानवतपर्यंत दुसऱ्यावर. आई मागं बसली होती एकदा, म्हणाली, "काय घोंगायलंय रे हे? मधमाश्या बसल्या का आत?" त्यानंतर मला तो आवाज सोडून दुसरं काही ऐकूच येईना. कप्प्यात फडकी कोंबली, स्क्रूखाली सायकलच्या ट्यूबचे वॉशर कापून घातले. फरक पडला, पण तो आवाज दुसऱ्यावरून तिसऱ्याकडं सरकला एवढाच. शेवटी मी पहिला आणि फुल असे दोनच स्पीड वापरायला लागलो. म्हणजे चार स्पीडच्या ब्लोअरचे पैसे देऊन दोन वापरायचे. एक पावसाळा आणि एक हिवाळा असा काढला.

जुनी मोटर मी माळ्यावर टाकून ठेवली होती. ती घेऊन मोटरच्या आर्मेचरचं, म्हणजे आतल्या तार गुंडाळलेल्या फिरत्या भागाचं काम करणाऱ्या एका चाचांकडं गेलो. त्यांनी पंखा बोटानं फिरवला, कानाजवळ धरला, म्हणाले, "सर, ही मेलेली नाही. कार्बन संपले आणि पोटात कापूस भरलाय." खरंच भरला होता. आपल्या जुन्या गाड्यांना आतल्या हवेची जाळी नसते, आणि आमचा रस्ता दिवाळीपासून पुढं कापसाच्या टेम्पोंचा. पिंजऱ्याच्या पात्यांत सरकीला चिकटलेल्या पुंजक्यांचा थर, त्यात धूळ, त्यात कडुलिंबाची पानं. त्यांनी पत्र्याचे कान उचलून मोटर उघडली, मापाचे कार्बन कानशीनं घासून बसवले, कार्बन ज्यावर घासतात त्या कॉम्युटेटरला बारीक पॉलिश पेपर मारला, दांडा ज्यांत फिरतो त्या दोन्ही बुशांना एकेक थेंब तेल दिलं. एकच थेंब. मी स्वतः मागं एकदा कप्प्याखालून स्प्रे मारून चिरचिर बंद केली होती. आठ दिवस गाडी गप्प होती, मग तेच तेल कार्बनवर गेलं आणि धुळीचा चिखल झाला.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती मला बाराशे रुपये जाण्याआधी कुणी सांगायला हवी होती. पंखा धुताना त्याच्या पात्याला लावलेली छोटी पत्र्याची क्लिप त्यांनी दाखवली. कचरा अडकलाय असं समजून पोरं ती उपटून टाकतात. ती बॅलन्ससाठी असते, चाकाला लावतात तसं वजन. माझ्या लोकल पंख्याला ती नव्हती. आवाजाचं मूळ नेमकं तेच होतं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, बुशातही ढिलाई असू शकते. पण जुनी मोटर, जुना पंखा, जुना कपलर परत बसवला आणि दुसऱ्या स्पीडला डॅश गप्प झाला. वायरी कापल्या होत्या, त्या तेवढ्या नीट डाग देऊन जोडून घ्याव्या लागल्या.

दुरुस्तीचीही दुखणी आहेत, ती लपवत नाही. गॅरंटी म्हणजे चाचांचा शब्द. दोन दिवस मोटर त्यांच्याकडं आणि गाडी बिनवाऱ्याची. काही मोटरींचा पंखा दांड्यावर इतका घट्ट असतो की ओढून काढताना तुटतो, आणि हातोडी लागली तर आतलं चुंबक तडकतं. मोटर उघडल्यावर आर्मेचरची तार काळी पडलेली दिसली, करपल्याचा वास आला, तर तिथंच थांबावं. ते रिवाइंड करून, म्हणजे नवी तार गुंडाळून देणारेही भेटतात, पण त्याचा वजनतोल मला तरी भरवशाचा वाटत नाही. फुल स्पीडला ही मोटर दोन्ही हेडलाइट मिळून खातात त्याच्या आसपास करंट खाते. अर्धवट काम झालं तर कपलर वितळतो. जड फिरणाऱ्या मोटरनं रेझिस्टरही जातो, कारण त्याला गार ठेवणारा वारा तीच मोटर देते. म्हणून बसवण्याआधी बॅटरी लावून मोटर दहा-पंधरा मिनिटं मोकळी चालवून बघायला सांगा, आणि सगळ्या स्पीडचा आवाज गाडीत बसून ऐका. दुकानात उभं राहून नाही.

आर्मेचर जळालेलंच असेल तर लोकलआधी जुन्या बाजारात बघा, असं मी म्हणेन. मोडीत गेलेल्या गाड्यांचा पत्रा जालन्याच्या भट्ट्यांकडं जातो, पण काढलेले पार्ट संभाजीनगरला, नांदेडला मिळतात. ओरिजिनल मोटर, कपलर तोच, पंखा तोच, फक्त कार्बन किती उरलेत ते माहीत नसतं. ती घेऊन लगेच कार्बन बदलून घेतले की काम झालं. दांडा बोटानं हलवून बघा, आडवा डुगडुगत असेल तर ठेवा परत.

गाडी प्रवासी भाड्याला चालवत असाल, रोज दोनशे किलोमीटर, तर जास्तीचे पैसे घाला आणि ओरिजिनल नवी टाका. तुमचे दोन दिवस त्याहून महाग आहेत. गाडी वर्षभरात विकायची असेल तर लोकल पुरेशी आहे. वारा ती देते, आणि काही गाड्यांत गुणगुणतही नसेल. पण गाडी घरची आहे, अजून चार-पाच वर्षं वापरायची आहे, गावात हाताचा कारागीर आहे, तर आधी जुनी उघडून तरी बघा. माझी दुरुस्त केलेली मोटर तिसरा उन्हाळा काढते आहे. गेल्या श्रावणात कन्नडच्या औट्रम घाटात धुकं आणि पाऊस एकदम आला, तेव्हा हिटर चालू करून दुसऱ्या स्पीडवर काच स्वच्छ राहिली. मागं आई झोपली होती.

लोकल मोटर मी फेकली नाही. ती मेहुण्यानं शेतावर नेली. हुरड्याच्या आगटीला पत्र्याचं नळकांडं लावून तो तिचा वारा घालतो, ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटरीवर. गोवऱ्या पाच मिनिटांत लाल होतात. घोंगावते तशीच.