हरभऱ्याला ट्रायकोडर्मा का सुडोमोनास?

परभणीहून मेव्हण्याचा फोन, मागच्या साली हरभऱ्याला मर (बुरशीनं झाड वाळतं तो रोग) लै लागली, आता बियाण्याला काय चोळू.

ट्रायकोडर्मा ही बुरशी, किलोला 5 ग्रॅम, मरीच्या बुरशीला वेटोळं घालून खाते, पण कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक लावलेल्या बियाण्यावर तीच मरते. सुडोमोनास फ्लुरोसन्स जिवाणू, किलोला 10 ग्रॅम, मुळापाशचं लोह धरून बसतो मग रोगाची बुरशी उपाशी, कार्बेन्डाझिम त्याला फारसं बाधत नाही पण स्ट्रेप्टोमायसिन हे जिवाणू मारणारं औषध मिसळलं की खेळ खलास. सुडोमोनासला तग धरणारे बीजाणू नसतात, म्हणून पुडी टिकण्यात ट्रायकोडर्मा सरस, तरी पत्र्याच्या खोलीत दोन्ही ठेवू नका.

(दवाखान्यात भाजलेली जखम चिघळवतो तो सुडोमोनासचाच भाऊबंद, एरुजिनोसा. हा तो नव्हं. हातमोजे मात्र घालाच.)

घरचं साधं बियाणं असंल तर ट्रायकोडर्मा, उरलेली शेणखतात मिसळा. बुरशीनाशक लावलेली पिशवी आणली असंल तर सुडोमोनास.