रीफ टाकी म्हणून विकलेली औषधाची टाकी

"मासे बघा, किती टवटवीत आहेत!" रीफ टाकी, म्हणजे कोरल (प्रवाळ) ठेवायची खाऱ्या पाण्याची टाकी, जुनी विकताना हे वाक्य हमखास येतं, आणि खरेदीदार तिथेच फसतो. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचं औषध देतात. चिलेटेड (दुसऱ्या रसायनाने बांधलेलं) तांबं 2 ते 2.5 पीपीएमपर्यंत (लिटरमागे मिलिग्रॅम) नेलं तरी बहुतेक मासे ते सोसतात. कोरल, कोळंबी, गोगलगायी त्याच्या कितीतरी कमी मात्रेत मरतात. पोहणारा क्लाउनफिश म्हणून कशाचाच पुरावा नाही.

नाशिकमध्ये आमच्याकडे तपासायला आलेला सौदा असा होता: 200 लिटरची टाकी, सोबत रॉक (टाकीत रचायचे सच्छिद्र दगड) आणि वाळू. पाणी ताजं भरलेलं, तांबं मोजायच्या किटवर आकडा शून्य. किट खोटं नव्हतं, पण ते त्या दिवसाच्या पाण्यापुरतंच. रॉक आणि अ‍ॅरागोनाइट वाळू म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. औषध चालू असताना ते तांबं धरून ठेवतं आणि पुढे कित्येक महिने थोडंथोडं सोडत राहतं. द्राक्षबागेत बोर्डो फवारतात त्यातलं मोरचूद माशांच्या बऱ्याच औषधांतही असतं, हे इथल्या माणसाला पटायला वेळ लागत नाही.

संपच्या (मुख्य टाकीखालच्या फिल्टरच्या टाकीच्या) कोपऱ्यात रिकामे शंख दिसले, तर तिथेच थांबा. तांबं लागलेली गोगलगाय काचेवरून सुटून उताणी पडते, पाय बाहेर लोंबतो, बोट लावलं तरी आत ओढत नाही.

पैसे देण्याआधी मुठीएवढा रॉक मागून घ्या. प्लास्टिकच्या बादलीत 10 लिटर आरओ-डीआय (क्षार काढून शुद्ध केलेलं) पाणी, मत्स्यालयाचं समुद्री मीठ घालून विशिष्ट गुरुत्व 1.025, छोटा पंप. पितळी तोटी किंवा तांब्याचा हंडा यातलं पाणी नको. रॉक टाकण्याआधी आणि 7 दिवसांनी मोजा. किट चिलेटेड तांबंही पकडणारं हवं, नाहीतर आकडा कमी दिसतो. शून्य आलं तरी पूर्ण खात्री नाही. तांबं दिसलं तर मात्र शंका उरत नाही.

टाकी आधीच घेतली असेल, तर रॉक आणि वाळू वाचवायच्या नादी लागू नका. "कार्बन (फिल्टरचा कोळसा) टाका, निघून जाईल" हे विक्रेत्याचं ठरलेलं उत्तर. कार्बन पाण्यातलं ओढेल, दगडातलं नाही. तो संपला की आकडा परत चढतो. काच, पंप, पाइप यांतून निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी 24 तास फिरवा, स्वच्छ धुवा, स्पंज नवे घाला. नंतर क्युप्रिसॉर्ब (पाण्यातलं तांबं शोषणारं रेझिन) लावा आणि दर आठवड्याला मोजत राहा.

पुढच्या खरेदीत पावतीवर "या टाकीत व रॉकवर तांब्याचं औषध वापरलेलं नाही" एवढं सहीसह लिहून मागा.