किसान मानधन की अटल पेन्शन? कोरडवाहू शेतकऱ्यापुढील निवड

चाळिशी न ओलांडलेल्या आणि दोन हेक्टरांच्या आत जमीन असलेल्या शेतकऱ्याला म्हातारपणाची तजवीज करायची झाली, तर त्याच्यापुढे प्रामुख्याने दोन योजना येतात: २०१५ पासूनची अटल पेन्शन आणि २०१९ मध्ये आलेली प्रधानमंत्री किसान मानधन. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या घरी या दोन्ही योजना आहेत. धाकट्या भावाने किसान मानधन घेतली, मी अटल पेन्शन घेतली. दोघांची जमीन सारखीच कोरडवाहू आणि पीकही कापूस, सोयाबीन, तूर हेच. त्यामुळे पुढील मत माहितीपत्रकावरून कमी आणि घरातल्या अनुभवावरून जास्त बनलेले आहे.

हप्त्याच्या बाबतीत किसान मानधनाशी स्पर्धाच नाही. पस्तिसाव्या वर्षी नोंदणी करणाऱ्याला साठीनंतर दरमहा ३,००० रुपये हवे असतील, तर किसान मानधनात महिन्याला १५० रुपये भरावे लागतात आणि तेवढीच भर केंद्र सरकार घालते. अटल पेन्शनमध्ये त्याच रकमेसाठी ५४३ रुपये स्वतःच्याच खिशातून जातात. चाळिसाव्या वर्षी हे आकडे २०० आणि ८७३ असे होतात. शिवाय किसान मानधनाचा हप्ता पीएम किसानच्या रकमेतून परस्पर वळता करता येतो. पेरणीला बियाणे-खतात सगळा पैसा गेल्यावर ज्याच्या खात्यात श्रावणभर काहीच उरत नाही, त्याला या सोयीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. अटलचा हप्ता चुकला, तर थकलेल्या दर शंभर रुपयांमागे महिन्याला एक रुपया जादा द्यावा लागतो. दंड किरकोळ आहे, पण खात्यात शिल्लक ठेवण्याची काळजी कायम राहते.

मृत्यूनंतरचा हिशेब मात्र उलटा आहे. किसान मानधनात पेन्शन सुरू झाल्यावर शेतकरी वारला, तर पत्नीला निम्मे म्हणजे १,५०० रुपये मिळतात आणि तिच्या पश्चात मुलांना काहीही मिळत नाही, जमा रक्कम योजनेच्या निधीतच राहते. अटलमध्ये पत्नीला पूर्ण ३,००० चालू राहतात आणि दोघांच्या पश्चात वारसदाराला ५ लाख १० हजार रुपये मिळतात. आमच्याकडे बायको नवऱ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान असते आणि मागे बहुधा तीच राहते. तेव्हा हा फरक कागदापुरता राहत नाही.

तरीही केवळ एवढ्यावर माझी निवड ठरली असती असे वाटत नाही. ती ठरली एका कटकटीमुळे. भावाची नोंदणी गावातल्या सेवा केंद्रावर झाली होती. कार्ड मिळाले, छापील कागद मिळाला. पुढे केवायसी अडकल्यामुळे त्याचे पीएम किसानचे पैसे काही काळ थांबले आणि त्यांतून वळता होणारा मानधनाचा हप्ता गेला की राहिला, हे त्याला कळेना. केंद्रचालक म्हणाला, नोंदणीपुरतेच माझे काम; बँकेत म्हणाले, ही योजना आमची नाही; कृषी खात्याच्या कचेरीतून त्याला तहसिलीत पाठवले आणि तिथून पुन्हा केंद्रावर. निधी सांभाळणारी एलआयसी आहे हे खरे, पण गावातला माणूस एवढ्यासाठी कोणत्या खिडकीपाशी उभा राहणार? मदत क्रमांक आहे. निंदणाच्या दिवसांत वावरात उभे राहून त्यावर वाट पाहत बसणे कितपत जमते, हे ज्याने त्याने पाहावे. याउलट माझा हप्ता गेला की पासबुकात ओळ उमटते आणि शंका आली तर ज्या शाखेत खाते आहे तिथेच विचारता येते. तिथले उत्तर दर वेळी गोड असते असे नाही, पण विचारायचे कोणाला हे ठाऊक असते. पंचवीस वर्षे चालवायच्या योजनेत मला हीच गोष्ट मोठी वाटली. कदाचित इतर तालुक्यांत अनुभव निराळा असेल.

महागाईने दोन्ही रकमा सारख्याच झिजणार आहेत. निराधार वृद्धांसाठीच्या श्रावणबाळ योजनेचे मासिक मानधन सरकारी निर्णयांनी ६०० वरून १,००० आणि २०२३ मध्ये १,५०० झाले. इथे मात्र आज ठरलेला आकडाच साठीनंतर मिळायचा आहे.

ज्याला महिन्याला दीडशे-दोनशेपलीकडे काढणे खरोखरच अशक्य आहे, त्याने किसान मानधन जरूर घ्यावी. सरकारची बरोबरीची भर सोडून देणे शहाणपणाचे नाही. मात्र थोडीफार ओढाताण सोसत असेल, तर ३,००० चा आग्रह सोडून २,००० ची अटल पेन्शन घ्यावी, असे मी सुचवीन. पस्तिसाव्या वर्षी तिला ३६२ रुपये पडतात, हप्ता सहामाही ठेवता येतो आणि पुढे ऐपत वाढल्यास पेन्शनची रक्कम वाढवूनही घेता येते. शेतकऱ्याच्या घरधनिणीलाही वेगळा हप्ता भरून किसान मानधन घेता येते, पण माझा कल तिच्यासाठीही अटलकडेच आहे. तिचे वय चाळिशीच्या आत असल्यास तिचे वेगळे अटल खाते काढावे, कारण तिचे वय जितके कमी, तितका हप्ताही कमी बसतो.